बापूरावांच्या मेडलवरचं नाव

१

बापूराव घुले दुकानाची पायरी चढले, डाव्या हातानं खिशातून निळी डबी काढली, माझ्या बेतायच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "संपत, हे माझं न्हाई. कुणीतरी बदललंय."

मागून त्यांचा मुलगा शंभू आला. त्यानं बापाच्या पाठीआडून मला खूण केली, बोट कपाळाशी नेऊन. म्हणजे म्हाताऱ्याचं हललंय, तुम्ही नुसतं हो हो म्हणा.

मी काही हो हो म्हणणारा माणूस नाही. आधी मी कोण ते सांगतो. पुण्यात कॅम्पात आमचं वडलांपासूनचं दुकान आहे. युनिफॉर्म शिवतो, आणि फौजेतल्या माणसांची मेडलं रिबिनीवर चढवून छातीला लावायची पट्टी तयार करून देतो. शाळा सातवीपर्यंत. आठवीचे मास्तर अजून माझी वाट बघत असतील तर माहीत नाही. पण दोन बोटं रिबीन दाखवा, कुठल्या लढाईची ते डोळे मिटून सांगतो. बरं, डोळे मिटून नाही, चष्मा लावून सांगतो.

बापूरावांचं मेडल नौसेना मेडल. एकाहत्तरच्या लढाईतलं. चांदीचं, पाच बाजूंचं, वर गडद निळी रिबीन आणि तिच्या मधोमध पांढरी बारीक रेघ. बोटीचं नाव ते सांगत नाहीत, मी विचारत नाही. एवढं ठाऊक आहे, की भर लढाईत बॉयलरच्या खोलीत वाफेची नळी फुटली, सगळे बाहेर पळाले, आणि हडपसरपुढच्या मांजरी गावच्या उसाच्या फडातून नेव्हीत गेलेलं बावीस वर्षांचं हे पोरगं आत शिरलं. उजव्या हातानं झडप बंद करून बाहेर आलं. बोट चालत राहिली.

तर असा माणूस. आणि त्याचा मुलगा मला कपाळाला बोट लावून दाखवतो.

झालं होतं असं. चार डिसेंबरला नौदल दिन. मांजरीच्या त्यांच्या सोसायटीनं ठरवलं, की त्या दिवशी बापूरावांचा सत्कार करायचा. त्याआधी आठवडाभर क्लबहाऊसच्या काचेच्या कपाटात त्यांचं मेडल मांडलं होतं. सोमवारी ते घरी परत आलं. बापूरावांनी हातात घेतलं आणि तिथंच म्हणाले, हे माझं नाही. तेव्हापासून घरात तेच चाललं होतं. शंभूनं डोक्याच्या डॉक्टरची शुक्रवारची वेळ घेतली. सत्कारात बापूराव दोन शब्द बोलणार होते, ते कार्यक्रमातून काढायला सांगितलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं सकाळचं एकट्यानं फिरणं बंद केलं. त्या दिवशी सकाळी सातला गेटवरच्या वॉचमननं त्यांना परत पाठवलं होतं.

"मेडल गेलं तर गेलं," बापूराव म्हणाले. "लढाईत माणसं गेली, त्याच्यापुढं ते काय. पण मी येडा न्हाई झालो, एवढं कुणीतरी ह्याला सांगा. त्याच्यासाठी आलोय."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. खुंटीवर एक निळा ब्लेझर टांगला होता, त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "ह्यो आनंदाचा न्हवं?" आनंदरावांचाच होता. तेही नेव्हीतले, ह्यांच्याच सोसायटीत राहणारे. अस्तर उसवलं म्हणून आदल्या दिवशी टाकून गेले होते. बापूराव म्हणाले, रविवारी हाच घालून लोणावळ्याला गेला होता, जुन्या नेव्हीवाल्यांच्या भेटीला. त्यांना ब्लेझर ओळखू येत होता, वार आठवत होता. डोकं गेलेल्या माणसाला हे जमत नाही, असं मी मनात नोंदवलं.

मग मेडल दिव्याखाली धरलं. शंभू म्हणाला, "बघा काका, तुम्हीच बघा. कडेवर नाव आहे की नाही त्यांचं?"

"हितं गुळगुळीत व्हतं," बापूराव डाव्या अंगठ्यानं हवेतच कड चोळत म्हणाले. "आता खरखरीत लागतंय."

"आबा, नाव कोरलंय तिथं. कोरलेलं खरखरीतच लागणार ना."

मी चष्मा पुसला. खालच्या कडेवर नंबर होता, हुद्दा होता, आणि बापूरावांचं पूर्ण नाव होतं. नंबर बरोबर, नाव बरोबर. प्रत्येक अक्षर लख्ख वाचता येत होतं.

आणि ते वाचूनच मी चष्मा काढून परत पुसला.

२

आठ वर्षांपूर्वी ह्याच मेडलची रिबीन मी बदलली होती. तेव्हा त्याच्या कडेवर नाव नव्हतं.

म्हणजे होतं, कधीकाळी. सरकार नाव कोरूनच मेडल देतं. पण बापूराव दर रविवारी अंघोळीनंतर मेडल चोळत बसायचे. आधी राखेनं, मग पावडरीनं, शेवटी नुसत्या फडक्यानं. बायकोला हात लावू दिला नाही, मुलाला नाही, सुनेला नाही. उजव्या तळव्यावर मेडल आणि डावा अंगठा कडेवर. चांदी मऊ असते. माझ्या वडलांनी फार पूर्वीच त्यांना बजावलं होतं, बापू, नाव पुसून जाईल. ते म्हणाले, माझं नाव मला ठाऊक हाय. आठ वर्षांपूर्वी मी बोट फिरवलं तेव्हा कड नदीतल्या गोट्यासारखी लागली होती.

पुसलेलं नाव परत उगवत नाही. समोरचं मेडल खोटं होतं. स्वस्तातलं नव्हे, चांगल्या चांदीचं, निगुतीनं केलेलं. पण खोटं.

मी शंभूला हे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, राग मानू नका. आबांनी सांगितलं म्हणून तुम्ही सांगताय. तुमची दोस्ती जुनी."

मग मी ब्लेड घेतलं. रिबीन जुनीच होती, मीच बसवलेली, कडेला थोडी उडालेली. म्हणजे चोरानं रिबीन ठेवली होती आणि तिच्याखालचं मेडल बदललं होतं. त्यासाठी टाके उसवावे लागणार, परत घालावे लागणार. मी रिबीन मागून उलटी केली. टाके माझे नव्हते. शेवटी एक गाठ होती.

आता हे नीट ऐका. शिंपी रिबिनीखाली गाठ मारत नाही. गाठ टोचते, रिबीन वर फुगते. आम्ही दोन उलटे टाके मारतो आणि दोरा तोडतो. ही गाठ मात्र चपटी, दोन्ही टोकं एका रेषेत झोपलेली. दोऱ्याला मेण लावलेलं. असली गाठ मी चाळीस वर्षं बघतोय, नेव्हीवाले कपडे टाकायला येतात त्यांच्या बोचक्यांवर. रीफ नॉट म्हणतात ते तिला. भरतीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात, आणि मग माणूस मरेपर्यंत दुसरी गाठ मारत नाही.

मी खूश होऊन शंभूला म्हणालो, बघ, हे काम बोटीवरच्या माणसाचं आहे.

शंभू खूश झाला नाही. बापाकडे बघत हळू म्हणाला, "काका, आमच्या घरात बोटीवरचा माणूस एकच आहे. आबांनीच कधीतरी उसवलं असेल, शिवलं असेल, आणि आता आठवत नसेल."

बापूरावांनी मेडल डबीत ठेवलं. त्यांनी डबी मिटली. माझ्याच पुराव्यानं मी म्हाताऱ्याला आणखी खड्ड्यात घातलं होतं.

३

मी दुकानाचं शटर ओढलं आणि शंभूच्या गाडीत बसून मांजरीला गेलो. हडपसरच्या पुलाखाली अर्धा तास उभे होतो, तेवढ्या वेळात मी ती गाठ असलेला दोरा कागदावर चिकटवून घेतला. आणखी एक केलं. रिकाम्या डब्याचं वर्तमानपत्रात पुडकं केलं आणि सुतळी मोकळीच ठेवली.

घरात शर्मिला होती, शंभूची बायको. घरीच साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. मेडल क्लबहाऊसला नेलं तिनंच, परत आणलं तिनंच. तेव्हा पहिला संशय तिच्यावर, आणि ते तिला मी चहाचा कप घ्यायच्या आत कळलं होतं.

"विचारा की," ती म्हणाली. "मी चोरलं का, हेच ना?"

मी म्हणालो, आधी हे पुडकं तेवढं बांध, माझ्या हातात कप आहे. तिनं सुतळीला सरकफूल घातलं, ओढलं की सुटणारं. मग मी तिला कागदावरचा दोरा दाखवला. तिनं एकदाच बघितला आणि हसली.

"मी चोरलं असतं तर दोन उलटे टाके मारले असते. गाठ कशाला मारेन? ब्लाऊजच्या आत अशी गाठ ठेवली तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल."

मी तिचं नाव मनातल्या मनात खोडलं. तोवर शंभूनं तिला सांगितलं, की ही नेव्हीची गाठ आहे आणि त्याच्या मते ती आबांनीच मारली.

शर्मिलानं नवऱ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या जागी असतो तर डॉक्टरची वेळ स्वतःसाठी बदलून घेतली असती. ती आतल्या खोलीत गेली आणि बापूरावांचे तीन पायजमे आणून त्याच्या मांडीवर टाकले. "नाडी दिसते का कुठं? लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी ह्यांना इलास्टिक घालून देते. सदऱ्याला बटणं नाहीत, टिचबटणं आहेत. तुमच्या आईनं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत त्यांची. बाजाराची पिशवी बांधता येत नाही, आणि सुईदोऱ्यानं गाठ मारतील?"

शंभू पायजम्याकडे बघत राहिला. बापाची बोटं त्यानं जन्मापासून बघितली होती, म्हणूनच बहुतेक त्याला दिसत नव्हती.

"हात त्या झडपेवर ऱ्हायला," बापूराव बाहेरच्या खुर्चीतून म्हणाले. "मी तवाच सांगितलं असतं, पण मला कुणी इचारलं न्हाई."

तरी शंभू अडून होता. गाठ आबांची नाही, मान्य. पण मग कुणाची? चोर दाखवा, तरच डॉक्टरची वेळ रद्द करतो. आणि सत्कार तर परवावर आला होता.

४

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, गंधारकडे. दुसरी आनंदरावांकडे, कारण मेडल कसं मांडायचं, काय लिहायचं, हे नेव्हीतल्या माणसालाच कळणार.

गंधार हिंजवडीला कंपनीत, त्या दिवशी घरून काम करत होता. एका कानात काहीतरी खुपसून माझ्याशी बोलला. म्हणाला, "काका, सिरियसली सांगतो, माझ्याकडून झीरो चान्स. मी फ्लेक्ससाठी फोटो काढले, लॉक केलं, विषय एंड." फोटो दाखवले. समोरून काढलेले, कड दिसत नव्हती. पण त्याच्या दारामागं डोंगर चढायचा दोर लटकत होता, हा एवढा जाड, गाठीच गाठी. रविवारी किल्ले चढतो म्हणे. गाठी मारणारा माणूस, आणि हातात किल्ली.

मी पुडक्याची सुतळी सोडून त्याच्यापुढे धरलं. त्यानं फोनवर बोलता बोलता बांधलं. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक, सगळं मिळून चिंचेच्या गोळ्यासारखं. दोराच्या गाठी त्याला येत असतील. बारीक धाग्याशी त्याचं वाकडं होतं. मी ते पुडकं दातानं सोडवलं.

आनंदराव क्लबहाऊसमध्येच भेटले, खुर्च्या मोजून घेत होते. उंच, ताठ, केस जिथल्या तिथं. अठ्ठावीस वर्षं नेव्हीत, सगळी गोदामात. कुठल्या बोटीवर कुठला सुटा भाग जायचा, ते ह्यांच्या वहीतून जायचं. तीस वर्षांचं माझं गिऱ्हाईक. पाच मेडलं आहेत त्यांना, लांब नोकरीची, स्वातंत्र्याच्या वर्धापनाची, आणि एकाहत्तरचं संग्राम मेडल, जे त्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं.

मी खोट्या मेडलची गोष्ट सांगितली नाही. एवढंच म्हणालो, की बापूरावांना वाटतंय मेडल बदललं.

"वाटणारच," ते म्हणाले. "वय झालं. पण कडेवर नाव आहे ना? मग प्रश्नच मिटला. बिननावाचं मेडल नसतंच. नंबर, हुद्दा, नाव. अहो, माझ्या गोदामातून बिननंबरी सुई बाहेर गेली नाही कधी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांना जपा. चांगला माणूस आहे. हा सत्कार मीच सुचवला, माहीत आहे ना?"

ते खरं होतं. सत्कार त्यांनीच सुचवला होता. आणि मला एवढंच वाटत होतं, की बाकी कुणीही असू दे, हे नसू देत.

पुडकं बांधायला त्यांना दिलं नाही. नेव्हीचा माणूस, रीफ नॉटच मारणार. त्यातून काय सिद्ध होतं? मी बसनं कॅम्पात परत आलो.

५

बुधवारी सकाळी ब्लेझरचं अस्तर शिवायला घेतलं.

कोट शिवायचा म्हणजे आधी ब्रश मारायचा, ही वडलांची शिस्त. डाव्या छातीवर ब्रश फिरवला आणि हात थांबला. मेडलांची पट्टी मागच्या पिननं कोटात खोचतात. पिन जिथं आत जाते आणि जिथं बाहेर येते, तिथं बारीक भोकं राहतात. आनंदरावांची पट्टी मीच केलेली, पाच मेडलांची. भोकं ठरलेल्या जागी होती, वर्षानुवर्षांची, कडा बसलेल्या.

त्यांच्या शेजारी आणखी एक भोक होतं. कॉलरच्या बाजूला, अंगठ्याच्या रुंदीएवढं पुढं सरकलेलं. ताजं. लोकरीचा धागा अजून उभा होता.

मी टेप लावला. पाच मेडलांची पट्टी जेवढी, त्याच्यापेक्षा बरोबर एका मेडलानं जास्त. रविवारी लोणावळ्याला हा कोट सहा मेडलं लावून गेला होता.

आणि सहावं शेवटाला नव्हतं लावलेलं. नुसतं आणखी एक साधं मेडल असतं तर पट्टी खांद्याकडे वाढली असती. ती कॉलरकडे वाढली होती, काळजाच्या बाजूला. तिथं शौर्याचं मेडल बसतं. सगळ्यांच्या आधी.

मी सुई खाली ठेवली. बायको आतून म्हणाली, चहा गार होतोय. होऊ दे म्हणालो.

६

संध्याकाळी ब्लेझर कागदात गुंडाळून त्यांच्या घरी गेलो. एकटेच राहतात. दार उघडून म्हणाले, "पुण्यातला शिंपी कबूल केलेल्या दिवशी कपडा घरपोच देतो, हे मी कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे."

मी कोट उघडून अस्तर दाखवलं, परत गुंडाळला आणि सुतळी त्यांच्या हातात दिली. उद्यापर्यंत धूळ नको, बांधून ठेवा. त्यांनी बांधला. एक फेर, दुसरा फेर, ओढलं. चपटी गाठ, दोन्ही टोकं एका रेषेत. मी खिशातला कागद काढून शेजारी ठेवला, त्यावर तो मेणाचा दोरा. त्यांनी बघितलं, पण पापणीही लवली नाही.

"नेव्हीत पन्नास हजार माणसं आहेत, संपत. सगळे हीच गाठ मारतात."

"हो," मी म्हणालो. "म्हणून काल तुम्हाला बांधायला दिलं नाही."

मग मीच गाठ सोडली, ब्लेझर उलगडला आणि त्या नव्या भोकावर बोट ठेवलं. "हे भोक माझं नाही, आनंदराव. तुमच्या पाच मेडलांची भोकं मी पाठ सांगतो. हे सहाव्याचं आहे. आणि पहिल्या नंबरावर लावलेल्या सहाव्याचं."

त्यांनी वाकून भोक बघितलं. मग उठले, आतून दाढीच्या साबणाची जुनी डबी घेऊन आले. आत रुमालात बापूरावांचं मेडल होतं. मी कडेवर अंगठा फिरवला. गोटा.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. दर वर्षी लोणावळ्याला जमतात, शौर्यवाले पुढं बसतात, हे शेवटच्या रांगेत. चाळीस वर्षं लोक ह्यांना गोदामवाला म्हणून हाक मारतात. कपाटात बापूरावांचं मेडल मांडताना पहिल्यांदा हातात आलं, आणि कड लागली, कोरी. बिननावाचं. कुणाच्याही छातीवर चालेल असं. दोन दिवसांत मुंबईला जाऊन ओळखीच्या कारागिराकडून जोडीदार करून आणलं. रविवारी ते लावून पुढच्या रांगेत बसले. लोकांनी हातात घेतलं, कड चोळली, म्हणाले, केवढं जपलंय तुम्ही. एक दिवस, मग परत ठेवणार होतो, म्हणाले. पण सोमवारी हात उठला नाही. आणि बापूरावांना लोक वेडा म्हणायला लागले, तेव्हा तर तोंडच उघडता येईना.

"नवंच करून घ्यायचं, तेच लावायचं," मी म्हणालो. "त्यांचं कशाला?"

"नवं कुणी मानलं असतं? झीज विकत मिळत नाही, संपत."

"मग त्या खोट्यावर नाव का कोरलंत? कोरं ठेवलं असतंत तर मलासुद्धा कळलं नसतं."

आनंदराव हसल्यासारखे दिसले, पण हसले नव्हते. "कोरंच करायला सांगणार होतो. कारागीर म्हणाला, नंबर? आणि कपाटातल्या पाटीसाठी लिहून घेतलेला त्यांचा नंबर माझ्या तोंडून गेला, हुद्दा गेला, नाव गेलं. बिननावाची वस्तू माझ्या हातून बाहेर जाईना."

मी मेडल खिशात घातलं नाही. त्यांच्याच टेबलावर ठेवलं. म्हणालो, उद्या दहाला कार्यक्रम आहे. मी आणून दिलं तर मेडल परत मिळेल, पण बापूरावांचं डोकं परत मिळणार नाही. ते तुम्हीच देऊ शकता. आणि निघालो. रात्रभर तळमळलो, खोटं कशाला सांगू. चोराच्याच घरी माल ठेवून आलेला पुण्यातला मी पहिला शिंपी.

७

चार डिसेंबर. क्लबहाऊस भरलं होतं. पुढं गावातली घुले मंडळी फेटे बांधून, मागं कंपन्यांतली पोरं सुट्टी टाकून. बापूराव मंचावर खुर्चीत, पांढरा सदरा, टिचबटणं. कार्यक्रमाच्या कागदावर त्यांचं भाषण नव्हतं.

पहिल्या रांगेतली आनंदरावांची खुर्ची रिकामी होती.

गंधारनं सूत्रसंचालन सुरू केलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. शंभू माझ्याकडे बघत होता आणि मी दाराकडे.

दार उघडलं. आनंदराव आले. तोच निळा ब्लेझर, छातीवर पाच मेडलं. ते खुर्चीकडे गेले नाहीत, सरळ मंचावर चढले, गंधारच्या हातातून माईक घेतला आणि सगळं सांगितलं. चार-पाच वाक्यांत, वहीत नोंद वाचावी तसं. मी नेलं, मी बदललं, मी गप्प राहिलो, बापूराव पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते. मग खिशातून रुमालातलं खरं मेडल काढून बापूरावांपुढे ठेवलं.

गंधार पोलिसांचं काहीतरी बोलायला लागला. बापूरावांनी हात वर केला.

"पोलिसाला काय सांगशील? त्यानं माझं बिननावाचं नेलं अन् नावाचं दिलं, अशी तक्रार लिहिशील?"

आधी घुले मंडळी हसली, मग सगळा हॉल. पण बापूरावांचं काम संपलं नव्हतं. त्यांनी मला वर बोलावलं, दोन्ही मेडलं माझ्या हातात द्यायला लावली, आणि शंभूला हाक मारली. "ये. डाक्टर शुक्रवारी हाय ना, आज आधी तू तपास." डोळे घट्ट मिटले आणि डावा हात पुढं केला.

मी दोन्ही मेडलं पाठीमागं नेली, उलटीपालटी केली, आणि खोटं त्यांच्या हातावर ठेवलं. अंगठा फिरला. "ह्यो आनंदाचा माल." मी ते काढलं, परत पाठीमागं नेलं, आणि मुद्दाम तेच परत ठेवलं. "संपत, शिंप्याची लबाडी करू नगंस. त्येच हाय." मग खरं ठेवलं.

अंगठा कडेवर गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडायची गरज नव्हती, त्यांचा चेहरा बघून मागच्या रांगेतली पोरं उभी राहिली, मग गावकरी, मग सगळेच. टाळ्या कधी थांबल्या मला सांगता येणार नाही, मी चष्मा पुसत होतो.

शंभूनं सगळ्यांदेखत खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढली आणि फाडली. बापाच्या पाया पडला. बापूराव म्हणाले, "ऊठ. फाटकावरच्या वाचमनला सांग आधी."

मेडल लावायचं राहिलं होतं. बापूरावांनी ते आनंदरावांपुढे धरलं. "माझी बोटं वळत न्हाईत. तू लाव."

आनंदराव मागं सरकले. म्हणाले, माझा हात लागायला नको त्याला.

"का? त्या रात्री झडप मी बंद केली. दुसऱ्या दिवशी नवी झडप आली तवा बोट परत लढाईला गेली. ती कुठनं आली?"

"गोदामातून," आनंदराव म्हणाले.

"मग लाव की."

त्यांनी लावलं. जागा अचूक, काळजाच्या बाजूला. मग गोदामवाल्यानं ताठ उभं राहून सलाम ठोकला, आणि बापूरावांनी न वळणाऱ्या बोटांच्या हातानं तो घेतला. भाषण कागदावर नव्हतं, तरी ते अर्धा तास बोलले. चहा गार झाला, कुणी उठलं नाही.

ते खोटं मेडल बापूरावांनी मला दिलं. दुकानात काचेखाली ठेवलंय. नाव लख्ख वाचता येतं, गिऱ्हाईकं वाचतात आणि विचारतात, हे बापूराव घुले कोण. मी सांगतो, हे खोटं आहे. खरं बघायचं असेल तर मांजरीला जा, सकाळी सातला गेटवर उभे राहा. वॉचमन सलाम करतो, आणि एक म्हातारा एकटाच फिरायला बाहेर पडतो.